जानरावांची स्वच्छ यादी

जानराव कापगत्यांनी आयुष्यात एका विटेवर दुसरी वीट ठेवलेली नाही, तरी गेली एकोणीस वर्षं ते बांधकामाच्या कंपनीत आहेत. हे ते स्वतःच सांगतात, आणि समोरचा हसायच्या आत स्वतः हसून मोकळे होतात. "घरी खिळा ठोकाचा असला तं हिरा ठोकते," असं म्हणतात. "मी फक्त किती टक्के ठोकला ते लिहून ठेवतो."

हिरा म्हणजे त्यांची बायको. तिला खिळे ठोकता येतात ही गोष्ट खरी आहे.

जानरावांचे वडील पंजाबराव साकोलीकडच्या एका गावातून भिलाईला आले आणि कारखान्यात भट्टीवर एकतीस वर्षं राबले. मुलगाही कारखान्यातच लागेल असं त्यांनी धरून ठेवलं होतं. जानरावांनी तीनदा परीक्षा दिली. तिसऱ्यांदा तर त्यांना आपण पास झालो अशी इतकी खात्री वाटली की त्यांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले, आणि निकाल लागल्यावर पुढचे पंधरा दिवस ते मागच्या गल्लीतून घरी येत होते. मग आयटीआयमधून नक्शे काढायला शिकले, या कंपनीत लागले, आणि नक्शे कॉम्प्युटरवर निघू लागले तेव्हा कंपनीने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. पंजाबराव जाईपर्यंत म्हणत राहिले, "मी लोखंड पातळ केलं, माहा पोरगा कागद पातळ करून राहिला."

कंपनीचं ऑफिस सिविक सेंटरमध्ये, पहिल्या मजल्यावर. खाली नाश्त्याचं दुकान आहे, त्यामुळे सकाळी दहा वाजेपर्यंत ऑफिसात जिलेबीचा वास असतो आणि दहानंतर देवांगन साहेबांचा आवाज. देवांगन साहेब प्रोजेक्ट मॅनेजर. कुरुदच्या पलीकडे कंपनी एक मोठी वसाहत बांधते आहे. अकरा इमारती, पाण्याची टाकी, बालवाडी, रस्ते, नाल्या. या सगळ्याचे मिळून सहाशेच्या वर तुकडे पाडलेले, आणि प्रत्येक तुकड्याला एक नंबर. कोणतं काम कुठवर आलं, ते कोणाच्या जबाबदारीवर आहे, कधी संपायला हवं, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलेलं असतं. दर सोमवारी दहाला त्यातून उरलेल्या कामांची यादी काढून साहेबांच्या टेबलावर ठेवायची, हे जानरावांचं काम.

यादी काढायची म्हणजे बटण दाबायचं नाही. कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत प्रश्न लिहून विचारावा लागतो. त्याला क्वेरी म्हणतात. ही विद्या जानरावांना सॉफ्टवेअर विकायला रायपूरहून आलेल्या एका माणसाने तीन दिवसांत शिकवली आणि तो गेला तो गेलाच. जानरावांनी त्याचा शब्द न् शब्द एका वहीत उतरवून घेतला, वहीला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, आणि त्या एकोणीस ओळींच्या क्वेरीत दर सोमवारी फक्त तारीख बदलून ते ती चालवत राहिले. एखाद्याला पोथीतला अर्थ कळत नाही पण पाठ चुकत नाही, तशातला प्रकार. पण ऑफिसात दुसऱ्या कोणाला तेवढंही येत नसे, म्हणून जानरावांची एक पत झाली. लग्नाकार्यात ती पत ते थोडी वाढवूनही सांगत.

दुर्गला एका लग्नात पंगतीला बसल्यावर रेल्वेतून रिटायर झालेल्या चिंधूमामांनी विचारलं, "तुमी करता काय जी नेमकं ऑफिसात?"

"डेटाबेसले प्रश्न इचारतो, मामा. बरोबर इचारला तं तो बरोबर सांगते."

"म्हंजे देवाले कौल लावल्यासारखं?"

"हव. पण देव कवा कवा चुकते," जानराव म्हणाले आणि त्यांनी बुंदी वाढून घेतली.

हे वाक्य आठवलं की आता ते स्वतःच कपाळावर हात मारतात.

झालं असं, की साइटवरचा प्रिंटर बिघडला. जानराव साइटवर वर्षातून दोन-तीनदाच जात, आणि गेले तरी पत्र्याच्या ऑफिसातून बाहेर पडत नसत, कारण बाहेर चिखल असे आणि त्यांच्या बुटांना चिखलाची सवय नव्हती. त्या दिवशी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून, हात काळे करून ते नळाकडे निघाले, तर टोपलं खाली ठेवून एक बाई पुढे आली. पन्नाशीची, डोक्यावर कापडाची चुंबळ, पायात पुरुषी बूट. बेबीताई. साइटवर बांधकामाला ज्या बाया येतात त्यांना इकडे रेजा म्हणतात. बेबीताई त्या चाळीसेक रेजांमधली सगळ्यात जुनी. ती मूळची लाखांदूरकडची, म्हणून मराठी बोलायला माणूस मिळाला की सोडत नसे.

"काय जी साहेब, तुमी यादीवाले ना?"

यादीवाले म्हटल्यावर जानराव सुखावले. "हव. कावून?"

"आमच्या बाथरूमचं कवा होनार हाय? खड्डा खोदून ठेवला, दोन सालाच्या वर झालं. बाबू लोकायले इचारलं तं म्हनतात, यादीत आलं का करू."

"यादीत असंल तं होईलच ना बाई. मी पाहतो."

बेबीताईने "पाहा" म्हटलं आणि टोपलं उचललं. जानराव ऑफिसात परत आले आणि खरोखरच त्यांनी पाहिलं, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी वही काढली, क्वेरी चालवली. उरलेली कामं दोनशे चौदा. त्यात बाथरूम नव्हतं. मग झालेल्या कामांची यादी काढली, त्यातही नव्हतं. म्हणजे असं कामच नाही. जानरावांना फार बरं वाटलं, कारण उत्तर स्पष्ट होतं आणि त्यात त्यांना काही करायचं नव्हतं.

चार दिवसांनी प्रिंटरचा नवा रोलर घेऊन ते पुन्हा साइटवर गेले तेव्हा त्यांनी आपणहून बेबीताईला शोधलं आणि डॉक्टर रिपोर्ट सांगतो त्या चेहऱ्याने सांगितलं, "बाई, असं कामच नाई."

"कामच नाई?"

"रेकॉर्डमदे नाई. म्या सोता पाहलं."

बेबीताईने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग तो खड्डा कोनाचा हाय?"

"कोनता?"

"चला, दाखवतो."

विदर्भातल्या बाया कधी कधी स्वतःबद्दल बोलतानाही 'दाखवतो' म्हणतात, आणि तसं म्हटलं की त्यापुढे कोणाचं चालत नाही. जानराव बुटांसकट चिखलातून मागोमाग गेले. सहा नंबरच्या इमारतीमागे, बोरीच्या झुडपांना लागून, चांगला खोल चौकोनी खड्डा होता. त्यात पाणी साचून बेडूक झाले होते. एका कोपऱ्यात पायाच्या चार विटा लावलेल्या, आणि काठावर एका सळईला पत्र्याची पाटी बांधलेली. पाटीवर रंगाने लिहिलेलं होतं: ४१७.

त्या साइटवर नंबर ऑफिसनेच दिल्याशिवाय पडत नाही, हे जानरावांइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. कारण नंबर तेच देत.

ऑफिसात येऊन त्यांनी यादी न मागता नुसतं एवढंच विचारलं, की चारशे सतरा नंबरचं काम काय आहे ते दाखव. एका ओळीची क्वेरी. एका ओळीचं उत्तर आलं. महिला प्रसाधन, साइट. स्थिती, चालू. पूर्णता, पाच टक्के. जबाबदार व्यक्ती, आणि त्यापुढे काहीच नाही. रिकामं.

जानरावांनी स्क्रीन पुसून पाहिली.

काम आहे, चालू आहे, अपुरं आहे, आणि तरी अपुऱ्या कामांच्या यादीत नाही. याचा अर्थ एकच, सॉफ्टवेअर बिघडलं. त्यांनी ताबडतोब रायपूरला फोन लावला. मदतीच्या नंबरावर ऐश्वर्या नावाची एक मुलगी होती. तिला त्यांनी पाच मिनिटं ऐकवलं, की तुमच्या सॉफ्टवेअरमुळे इथे माणसांचे हाल होतात, तुम्ही लोक विकून मोकळे होता, एकोणीस वर्षांच्या माझ्या नोकरीत असं कधी झालं नाही. हे सगळं हिंदीत, आणि आवाज जरा चढवून, म्हणजे बाकीच्यांना कळावं की जानराव कोणाला तरी झापताहेत. ऐश्वर्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, आपकी क्वेरी पढ़कर सुनाइए."

जानरावांनी वही उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सगळं ऑफिस ऐकत होतं. सातव्या ओळीवर ती म्हणाली, "बस सर. इनर जॉइन लगा है. लेफ्ट होना चाहिए."

"किसने लगाया इनर?"

"क्वेरी किसकी है सर?"

जानरावांचा चढलेला आवाज खाली आला. "मेरी," जानराव म्हणाले.

तिने समजावून सांगितलं, आणि ते जानरावांना पहिल्यांदाच समजलं. कॉम्प्युटरमध्ये दोन वह्या आहेत असं धरा. एकीत कामं, दुसरीत माणसं. क्वेरी दोन्ही वह्या समोरासमोर धरते आणि कोणतं काम कोणत्या माणसाचं ते जुळवते. लेफ्ट म्हटलं तर कामांच्या वहीतली प्रत्येक ओळ येते, माणूस सापडला तर त्याचं नाव, नाही सापडला तर रिकामी जागा. इनर म्हटलं तर ज्या कामाला माणूस सापडला नाही ते काम उचललंच जात नाही. तक्रार नाही, खूण नाही. जणू ते कधी नव्हतंच.

फोन ठेवल्यावर जानरावांनी वहीतली ती सातवी ओळ नीट पाहिली. रायपूरच्या माणसाने सांगितलेलं 'लेफ्ट' तिथे होतं, आणि त्यावर निळ्या शाईने रेघ मारलेली होती. बाजूला त्यांच्याच वळणदार अक्षरात तारीख घालून लिहिलेलं होतं: 'लेफ्ट काढून इनर टाकले. रिपोर्ट एकदम स्वच्छ.'

मग सगळं आठवलं. अडीच वर्षांपूर्वी राजकुमार नावाचा इंजिनिअर नोकरी सोडून गेला होता. त्याचं नाव माणसांच्या वहीतून काढल्यावर पुढच्या सोमवारी यादीत त्याच्या सगळ्या कामांपुढे रिकाम्या जागा आल्या. देवांगन साहेब यादीवर बोट आपटत म्हणाले होते, "कापगते, ये खाली-खाली क्या है? इसको ठीक करो." साहेबांच्या मनात होतं की त्या कामांना दुसरी माणसं द्या. जानरावांच्या मनात आलं की यादी वाईट दिसते. त्यांनी दोन दिवस खटपट केली, वेगवेगळे शब्द टाकून पाहिले, आणि इनर टाकताच सगळ्या रिकाम्या जागा झाडूने झाडल्यासारख्या गेल्या. पुढच्या सोमवारी साहेब म्हणाले, "वाह, सब भर गया!" आणि त्या वर्षीच्या दिवाळीला चांगल्या कामाबद्दल जानरावांना सहा वाट्यांचा सेट मिळाला. साइटवर सिमेंट, मिस्त्री, मजूर सगळं त्या यादीप्रमाणेच वाटलं जायचं. जे यादीत नाही त्याला वीट नाही.

त्यांनी इनर खोडून लेफ्ट केलं आणि क्वेरी चालवली. दोनशे एक्कावन्न. म्हणजे सदतीस कामं जास्त. राजकुमारची तेवीस, आणि त्याच्यानंतर सोडून गेलेल्या दोघांची चौदा. बालवाडीच्या दाराशी पायरीऐवजी करायचा उतार. ट्रान्सफॉर्मरभोवतीची जाळी. सहा नंबरमागची नाली. महिला प्रसाधन. सगळ्यांपुढे रिकामं.

जेवताना त्यांनी हिराला सांगितलं. सांगावं की नाही असा विचार त्यांनी केला होता, पण जानरावांच्या पोटात गोष्ट राहत नाही, विशेषतः ज्यात स्वतःची फजिती आहे अशी. हिरा हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी काढून म्हणाली, "म्हंजे घर झाडाचं सांगतलं तं तुमी सामानच फेकून देलं!"

"सामान हाय ना तिथंच. दिसत नोतं फक्त."

"आन वाट्या घेऊन आले होते. सगळ्या मोहल्ल्याले दाखवल्या." पुन्हा हसली. जानरावही हसले. मग हिराने भाजी वाढता वाढता विचारलं, "त्या बाया दिवसभर जातात कुठं?"

"कोन?"

"त्या रेजा. अडीच साल. कुठं जात असतीन?"

जानरावांनी घास हातात धरला. त्यांना बोरीची झुडपं आठवली, आणि हेही आठवलं की त्या झुडपांतून एक पायवाट गेलेली होती, चांगली तुडवलेली, आणि ती पाहून आपल्याला काहीच सुचलं नव्हतं. हिरा नागपूर-दुर्ग पॅसेंजरने माहेरी जाताना दिवसभर पाणी पीत नाही हे त्यांना पंचवीस वर्षांपासून माहीत होतं. त्यांना वाटायचं तिला तहान कमी लागते.

सोमवार उजाडेपर्यंत जानरावांनी मनातल्या मनात निदान बारा भाषणं तयार केली. एकात दोष सॉफ्टवेअरचा होता, एकात राजकुमारचा, एकात रायपूरच्या माणसाचा. शेवटी सगळ्यात छोटं भाषण घेऊन ते साहेबांच्या खोलीत गेले. मीटिंगला आठ जण होते. नवी यादी त्यांनी टेबलावर ठेवली. रिकाम्या जागांची सदतीस कामं त्यांनी मुद्दाम सगळ्यात वर आणली होती.

देवांगन साहेबांनी चष्मा लावला. "कापगते, ये खाली-खाली क्या है?"

अगदी तेच शब्द. जानराव छोटं भाषणही विसरले. "साहब, ये काम थे. मैंने छुपा दिए थे."

"छुपा दिए?"

"जान-बूझ के नहीं. सुंदर दिखने के लिए."

आधी साइटचा फोरमन बबलू फिसकन हसला, मग सगळेच. साहेब हसले नाहीत. त्यांनी पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं, मागच्या अडीच वर्षांच्या याद्यांवर आपल्याच सह्या आहेत हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा रंग जरा उतरला. जानरावांना वाटलं आता नोकरी जाणार. नोकरी गेल्यावर हिराला काय सांगायचं इथपर्यंत ते पोचलेही होते. तेवढ्यात साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या रिकाम्या जागेत काहीतरी लिहिलं. मग दुसऱ्या. मग कंटाळून वरपासून खालपर्यंत एक कंस काढला आणि यादी जानरावांकडे सरकवली.

"जब तक कोई नहीं मिलता, तब तक ये सैंतीस तुम्हारे."

कंसापुढे लिहिलं होतं: कापगते.

एकोणीस वर्षांत जानरावांनी हजारो वेळा जबाबदार व्यक्तींची नावं छापली होती. त्यांचं स्वतःचं नाव एकदाही त्या रकान्यात आलं नव्हतं. आलं तेव्हा एकदम सदतीस वेळा आलं. माणसांच्या वहीत त्यांचं नाव टाकायला गेले तर कॉम्प्युटरने त्यांना हुद्दा विचारला. त्यांनी बराच विचार करून 'इतर' निवडलं.

पुढचे दोन महिने त्यांनी जो तमाशा केला तो साइटवर अजून सांगितला जातो. आठवड्यातून तीन दिवस ते स्कूटी घेऊन कुरुदला जात. पहिल्या दिवशी खड्ड्यातलं पाणी उपसायला पंप मागवला आणि नळी उलटी लावली, म्हणजे खड्डा आणखी भरला. दुसऱ्या दिवशी माप घ्यायला टेप आणली आणि फुटाच्या बाजूने वाचून मीटरमध्ये लिहिलं. बबलू ते मापं पाहून म्हणाला, "कापगते जी, इसमें तो ट्रक खड़ा हो जाएगा." विटा मागवायला स्टोअरची सही लागते, स्टोअरला साइटची सही लागते आणि साइट म्हणते स्टोअरने आधी करावी, हे त्यांना तेव्हा कळलं. कॉम्प्युटरमध्ये हे सगळं एका ओळीत 'साहित्य प्रलंबित' असं येत असे, आणि ते वाचून ते दर सोमवारी मनात म्हणत, हे लोक करतात तरी काय.

'ऐंशी टक्के पूर्ण' म्हणजे काय, तेही त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्याच यादीतला बालवाडीचा उतार ऐंशी टक्के पूर्ण होता. उरलेले वीस टक्के म्हणजे जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंतचा भाग. वर नुसता कठडा उभा होता.

बाथरूमच्या भिंती उभ्या राहिल्या तेव्हा जानराव अभिमानाने बेबीताईला घेऊन आले. तिच्यासोबत आणखी तिघी-चौघी आल्या. त्यांनी आत डोकावलं, एकमेकींकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"काय झालं?"

"दार आत उघडते जी," बेबीताई म्हणाली. "आत उघडलं तं मानूस कुठं उभा राहील? बाहेर उघडू द्या."

"बरं."

"आन कडी?"

"लावली ना. हे पाहा."

"ही बाहेरून हाय. आमाले कोंडून ठेवाचं हाय का?"

बाया आता उघडपणे हसत होत्या. जानरावांनी खिशातून कागद काढून लिहून घेतलं. दार बाहेर. कडी आतून. भिंतीला एक खुंटी, कारण चुंबळ आणि पदर कुठे ठेवायचा. नळ खाली, बादली भरेल इतका, वर नाही. उजेडाला वर जाळी, पण जाळी अशी की शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून दिसणार नाही. हे शेवटचं त्यांना कधी सुचलं नसतं. नक्शात तिथे सरळ खिडकी होती, आणि नक्शा कोणी काढला होता हे त्यांनी पाहिलं नाही, कारण कोपऱ्यातल्या सहीचं वळण त्यांना दुरूनच ओळखू आलं होतं.

सदतीस कामांपैकी सगळीच काही झाली नाहीत. चार तर एकच काम दोनदा भरलेलं निघालं, आणि भरणाऱ्याचं नाव काढून पाहिलं तर तेही जानरावच. एक काम होतं चौदा नंबरच्या रस्त्यावर दिव्याचा खांब लावण्याचं. जानराव तीन दिवस चौदा नंबरचा रस्ता शोधत फिरले. मग बबलूने सांगितलं की वसाहतीत रस्तेच बारा आहेत. नऊ कामं देवांगन साहेबांनी हळूहळू दुसऱ्यांना दिली. सहा नंबरमागच्या नालीवर अजून वाद चालू आहे. बालवाडीचा उतार मात्र झाला, आणि तो झाला त्या दिवशी जानराव स्वतः त्यावरून दोनदा वर गेले आणि दोनदा खाली आले.

बाथरूम सातव्या आठवड्यात तयार झालं. तीन खोल्या, एक टाकी, बाहेर हात धुवायला नळ. जानरावांची इच्छा होती की साहेबांना बोलवावं, नारळ फोडावा, एखादा फोटो काढावा. म्हणून ते बुधवारी दुपारी नारळ घेऊन साइटवर गेले. पाहतात तर मुख्य दाराला कुलूप. पितळेचं, कंपनीचं नव्हे.

"हे कोनी लावलं?"

"आमी," बेबीताई म्हणाली. "वर्गणी काढून आनलं. नाई तं मिस्तरी लोक घुसतात."

"बरं केलं. चाबी दे, मी पाहून घेतो. शंभर टक्के लिहाचं हाय."

बेबीताईने कनवटीला हात लावला आणि तिथेच ठेवला. "बायायचं हाय ते. तुमी कसे जाल आत?"

जानरावांनी आजूबाजूला पाहिलं. चाळीस बाया टोपली टेकवून उभ्या होत्या. जबाबदार व्यक्ती आपण आहोत, रेकॉर्डवर आपलं नाव आहे, तपासणी केल्याशिवाय पूर्ण लिहिता येत नाही, हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"मंग तूच सांग," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. "झालं का शंभर टक्के?"

बेबीताईने खरोखर विचार केला. बाकीच्या बायांशी छत्तीसगढीत काहीतरी बोलली. दोघींनी मान हलवली, एकीने बोटं दाखवली.

"नव्वद," ती म्हणाली. "मधल्या खोलीतला नळ गळते."

जानरावांनी ऑफिसात येऊन नव्वद भरलं. त्या डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष वापरणाऱ्याला विचारून भरलेला आकडा तो पहिलाच असावा, असं ते म्हणतात. मग लगेच जोडतात, की हेही कोणी तपासून पाहिलेलं नाही, त्यामुळे धरून चालू नका. नारळ घरी गेला आणि हिराने त्याची चटणी केली.

सोमवारी यादी आली. देवांगन साहेबांनी बोट ठेवलं. "चार सौ सत्रह, अब तक पेंडिंग? ये तो बन गया था ना, कापगते?"

"जी साहब. नल टपकता है."

"तुमने देखा?"

"नहीं साहब," जानराव म्हणाले. "मुझे अंदर जाने नहीं देतीं."

बबलूला पुन्हा हसू फुटलं. या खेपेला साहेबही हसले, आणि यादीच्या कडेला त्यांनी प्लंबरचं नाव लिहिलं. प्लंबर गुरुवारी गेला. त्यालाही बायांनी पाऊण तास बाहेर उभं ठेवलं, मग बेबीताईने आत कोणी नाही हे पाहून कुलूप उघडलं आणि तो काम करत होता तोवर दारात बसून राहिली.